चाळीस मिनिटांतली आठ मिनिटं

रेडिओवर आठ मिनिटांची मुलाखत ऐकली की वाटतं, दोन माणसं समोरासमोर बसली, आठ मिनिटं बोलली आणि उठली. टेपवर ती मुलाखत बहुधा चाळीस मिनिटांची असते. पहिली काही मिनिटं पाहुण्याचा संकोच जाण्यात जातात. मग त्याने चार ठिकाणी सांगितलेलं तो पाचव्यांदा सांगतो. कुठे तरी विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला एखादा साधा प्रश्न येतो, तो जरा थांबतो, आणि त्यानंतर जे बोलतो ते त्यालाही नवं असतं. आपल्यापर्यंत पोहोचतात ती त्या क्षणाच्या आजूबाजूची आठ मिनिटं. बाकीची बत्तीस कुणी, कशी आणि कशाच्या आधारावर काढली, हे ऐकणाऱ्याला कळू नये हीच त्या कामाची कसोटी.

हे काम नीट समजून घ्यायचं तर सुझन स्टॅम्बर्ग यांच्या कारकिर्दीसारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पब्लिक रेडिओमध्ये, म्हणजे एनपीआरमध्ये, त्या १९७१ साली टेप कापायला लागल्या. पुढच्याच वर्षी त्या संध्याकाळच्या मुख्य कार्यक्रमाच्या निवेदिका झाल्या आणि चौदा वर्षं तिथे राहिल्या. अमेरिकेत रोजच्या राष्ट्रीय बातम्यांचा कार्यक्रम सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला. टीव्हीवर बार्बरा वॉल्टर्स संध्याकाळच्या बातम्यांना बसल्या त्या १९७६ मध्ये, म्हणजे चार वर्षांनंतर. माइकसमोरचं यश सगळ्यांना दिसतं, पण माझ्या मते स्टॅम्बर्ग निवेदिका म्हणून घडल्या त्या टेपच्या टेबलावर. म्हणून त्या टेबलाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

त्याआधी संस्थेची रचना. आपल्याला सार्वजनिक रेडिओ म्हटलं की आकाशवाणी आठवते. केंद्रं तिची, प्रक्षेपक तिचे, वृत्तविभाग तिचा, आणि १९९७ पासून हे सगळं प्रसार भारतीच्या छत्राखाली. खासगी एफएम वाहिन्यांना आपल्याकडे स्वतःच्या बातम्या करायची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीची बातमीपत्रं पुन्हा ऐकवता येतात. पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या आणि सुधा नरवणे यांचा आवाज ज्यांच्या घरात वाजला, त्यांच्या मनात रेडिओवरची बातमी म्हणजे असा एक ठाम, एकसुरी नसलेला पण शिस्तीतला आवाज असतो. बातमीपत्र वृत्तविभागात तयार होतं आणि वृत्तनिवेदक ते वाचतो.

अमेरिकेत गोष्ट उलट्या बाजूने सुरू झाली. तिथे रेडिओ होता तो बहुतेक व्यापारी कंपन्यांचा. शाळा-विद्यापीठांची छोटी केंद्रं होती, पण विखुरलेली आणि पैशाने ओढग्रस्त. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याचा सगळा रोख मुळात टेलिव्हिजनवर होता. रेडिओवाल्यांनी खटपट केली म्हणून रेडिओचा समावेश झाला. त्यातून सरकारी अनुदान वाटणारं एक महामंडळ उभं राहिलं आणि १९७० मध्ये एनपीआरची स्थापना झाली, सुमारे नव्वद सदस्य केंद्रांना घेऊन.

इथे एक बारकावा आहे आणि तो पुढे उपयोगी पडणार आहे. एनपीआर कार्यक्रम करतं, पण गावोगावची केंद्रं त्याच्या मालकीची नाहीत. ती कुठल्या विद्यापीठाची, कुठल्या स्थानिक संस्थेची असतात. ती एनपीआरला शुल्क देऊन कार्यक्रम घेतात आणि ते पैसे श्रोत्यांच्या देणग्यांतून, अनुदानातून आणि प्रायोजकांकडून उभे करतात. वर्षातून काही वेळा केंद्राचे लोक माइकवरून चक्क हात पुढे करतात, की तुम्ही ऐकता, तर वर्गणी द्या. न्यू जर्सीत किंवा बे एरियात गाडीने ऑफिसला जाणाऱ्या मराठी माणसाला ही वर्गणीची मोहीम चांगली ठाऊक असते. या रचनेचा अर्थ असा, की निवेदक कोण असावा यावर कॅन्ससमधल्या एखाद्या केंद्राच्या व्यवस्थापकालाही मत असतं, आणि ते मत तो मोकळेपणाने कळवतो.

स्टॅम्बर्ग यांचा जन्म १९३८ सालचा, नेवार्कचा. वाढल्या न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनला. बार्नर्ड कॉलेजात शिकल्या, मग नियतकालिकांच्या कचेऱ्यांमध्ये छोट्या नोकऱ्या केल्या आणि लग्नानंतर वॉशिंग्टनला आल्यावर साठच्या दशकात तिथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या डब्ल्यूएएमयू या केंद्रात लागल्या. पडद्यामागचं काम होतं. एकदा हवामान सांगणारी मुलगी आजारी पडली आणि यांना बसवलं. हवामानाची माहिती एका ठरावीक नंबरला फोन करून घ्यायची असे. तो फोन करायचाच राहिला. बाहेर डोकावावं तर स्टुडिओला खिडकी नाही. तेव्हा त्यांनी मनानेच हवामान रचलं, आणि भर फेब्रुवारीत कडक उन्हाळ्याचं तापमान सांगून मोकळ्या झाल्या. हा किस्सा त्या पुढे आयुष्यभर स्वतः सांगत आणि त्याबरोबर दोन नियमही सांगत: तयारीशिवाय बसायचं नाही आणि ऐकणाऱ्याशी खोटं बोलायचं नाही. पती लुई स्टॅम्बर्ग अमेरिकी सरकारच्या परराष्ट्र मदत खात्यात होते. त्यांच्या नेमणुकीमुळे काही काळ दिल्लीतही गेला.

एनपीआरमध्ये आल्या तेव्हा काम मिळालं टेप कापण्याचं, तेही अर्धवेळ.

आता ते टेबल. आजच्या मुलांनी संगणकाच्या पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ पाहिलेली असते. ती खुणावून बटण दाबलं की तुकडा गेला, चुकलं तर परत आला. तेव्हा आवाज दिसत नसे. पाव इंच रुंदीची तपकिरी टेप, दोन स्पूल आणि मध्ये आवाज वाचणारं हेड. सेकंदाला साडेसात इंच टेप पुढे सरकते असं धरलं तर चाळीस मिनिटांची मुलाखत म्हणजे दीड हजार फूट टेप होते. त्यातली आठ मिनिटं म्हणजे तीनशे फूट. उरलेली बाराशे फूट टेप कुणी तरी कापून बाजूला काढायची असे.

पद्धत अशी. टेप चालवत ऐकायचं. कापायची जागा जवळ आली की मशीन थांबवून दोन्ही हातांनी दोन्ही स्पूल धरायचे आणि मागेपुढे हलवायचे. हाताच्या वेगाने आवाज घोगरा, ओढल्यासारखा होतो, आणि त्या घोगरेपणात शब्द नेमका कुठे सुरू होतो ते सापडतं. ‘क’, ‘प’, ‘ट’ असा तोंड फुटण्याचा आवाज असेल तर जागा चटकन मिळते. ‘स’ किंवा ‘म’ असेल तर शोधत बसावं लागतं. जागा मिळाली की टेपच्या मागच्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीने खूण. मग टेप उचलून ॲल्युमिनियमच्या लहानशा ठोकळ्याच्या खाचेत बसवायची. त्या ठोकळ्याला तिरकी चीर असते. तिच्यातून दाढीचं ब्लेड ओढायचं. चीर तिरकी असण्याला कारण आहे: सरळ कापलं तर एक आवाज तुटून दुसरा एकदम आदळतो, तिरकं कापलं तर एक आवाज ओसरता ओसरता दुसरा चढतो आणि सांधा कानाला लागत नाही. ब्लेडमध्ये चुंबकत्व आलेलं असेल तर सांध्यावर टक्कन आवाज येतो, म्हणून ब्लेडही तपासून घ्यायचं. दोन टोकं जुळवून मागून चिकटपट्टी लावायची आणि बोटाच्या नखाने घासून बसवायची. मग ऐकायचं. जमलं नसेल तर उकलून पुन्हा.

हात यात लवकर तयार होतो. कान तयार व्हायला वेळ लागतो. माणूस बोलताना वाक्याच्या मध्ये आवाज चढलेला असतो आणि शेवटी उतरतो. चढलेल्या जागी कापून पूर्णविराम दिला तर शब्द सगळे बरोबर असूनही ऐकणाऱ्याला काही तरी हातातून निसटल्यासारखं वाटतं. वाक्य काढलं पण त्याच्या आधीचा श्वास राहिला, तर दोन श्वास लागोपाठ येतात. असं कुणी श्वास घेत नाही. सगळे श्वास काढून टाकले तर माणूस यंत्र होतो. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय झालं की’ यांतले काही काढायचे, काही मुद्दाम ठेवायचे, कारण जिथे तो खरोखर शब्द शोधत होता तिथला ‘अं’ हा उत्तराचाच भाग असतो. खोलीचा स्वतःचाही एक आवाज असतो: पंख्याची घरघर, दूरची रहदारी. म्हणून मुलाखत संपली की कुणीही न बोलता अर्धा-एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करतात. पुढे सांध्यात भरायला ती लागते. कोरी टेप भरली तर तिथे आवाजाला भोक पडतं.

आणि या सगळ्याच्या वर एक बंधन: अर्थ हलता कामा नये. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडायचं नाही. ‘पण’ कापला आणि मागचं कबुलीचं वाक्य तेवढं ठेवलं, तर माणूस न बोललेलं बोलला असं होतं. कापणाऱ्याच्या हातात फार सत्ता असते आणि ती कुणाला दिसत नाही, म्हणून सार्वजनिक रेडिओच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही शिस्त.

असं दिवसभर दुसऱ्यांच्या मुलाखती कापणाऱ्या माणसाला मुलाखतींबद्दल काही गोष्टी कळतात, ज्या पुस्तकातून कळत नाहीत. लांब प्रश्न टेपवर किती जागा खातो ते इंचांत कळतं. विचारणाऱ्याने मध्ये ‘हो, हो’ केलं की पाहुण्याचं चांगलं वाक्य त्याखाली दबतं आणि ते वापरता येत नाही, हे कळतं. उत्तर संपल्यावर विचारणारा दोन सेकंद गप्प राहिला तर पाहुणा पुन्हा बोलू लागतो आणि पुष्कळदा तेच ठेवायचं असतं, हेही कळतं. स्टॅम्बर्ग माइकवर आल्या त्या हे सगळं कानात घेऊन.

एनपीआरचा तो संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम, ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’, ३ मे १९७१ रोजी संध्याकाळी पाच वाजता सुरू झाला. त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध प्रचंड निदर्शनं चालू होती, हजारो लोकांना अटक झाली. वार्ताहर टेपरेकॉर्डर घेऊन गर्दीत होते आणि परत येऊन टेपा कापायला जेमतेम वेळ होता. पहिल्याच भागात त्या रस्त्यांवरचे आवाज वीसेक मिनिटं ऐकवले गेले. कार्यक्रम होता नव्वद मिनिटांचा. व्यापारी केंद्रांवर तासाला पाचेक मिनिटांच्या बातम्या ऐकायची सवय असलेल्या देशात हे नवंच होतं.

त्यामागची कल्पना कार्यक्रम-संचालक बिल सीमरिंग यांची. त्यांना घोषणा करणारा आवाज नको होता, माणसाशी बोलणारा माणूस हवा होता. १९७२ मध्ये त्यांनी निवेदक माइक वॉटर्स यांच्या जोडीला स्टॅम्बर्ग यांना बसवलं. सुरुवातीला त्याही बिचकल्या. तोपर्यंत बातम्यांतला अधिकाराचा आवाज म्हणजे पुरुषाचा खर्जातला आवाज, म्हणून त्या आवाज खाली ओढून बोलू लागल्या. सीमरिंग यांनी सांगितलं, तुम्ही तुमच्यासारख्या बोला. हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पण त्यामागे आपलं माणूस सांभाळून घेण्याची जबाबदारी होती. केंद्रांच्या व्यवस्थापकांकडून तक्रारी येत होत्या: बाईच्या आवाजाला वजन नाही, ही फारच न्यूयॉर्कची वाटते. ‘न्यूयॉर्कची’ म्हणजे ज्यू, हे न बोलता समजायचं. शुल्क देणाऱ्या केंद्रांची ही तक्रार होती, तिला धार होती. सीमरिंग यांनी ती स्वतःपाशी ठेवली. स्टॅम्बर्ग यांना ती बऱ्याच काळानंतर कळली, तोवर त्यांचा आवाज श्रोत्यांच्या ओळखीचा झाला होता. नव्या निवेदकाला जम बसेपर्यंत असं पाठीशी उभं राहणारं कुणी मिळणं, यावर किती कारकिर्दी उभ्या राहतात किंवा मोडतात!

एनपीआरमध्ये तेव्हा पगार कमी होते आणि त्यामुळेच, असं तिथल्याच बायकांनी नंतर सांगितलं, बायकांना जागा मिळाल्या. लिंडा वर्थहायमर, नीना टोटेनबर्ग, कोकी रॉबर्ट्स आणि स्टॅम्बर्ग या चौघींना पुढे संस्थेच्या संस्थापक माता म्हटलं गेलं.

निवेदकाचा दिवस सकाळच्या बैठकीने सुरू होतो. काय घ्यायचं, किती मिनिटं द्यायची, कोण बोलेल. दुपारभर मुलाखती मुद्रित होतात, त्यांतल्या काही पाच वाजायच्या आत कापून तयार व्हायला हव्यात. कार्यक्रमाला घड्याळ असतं आणि ते मिनिटांवर नाही, सेकंदांवर चालतं, कारण ठरलेल्या क्षणी देशभरची केंद्रं आपापली स्थानिक माहिती द्यायला मध्ये शिरतात. उशीर झाला तर निवेदकाचं वाक्य अर्ध्यात तुटतं. लवकर संपलं तर शांतता पसरते, आणि रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडल्याची शंका. म्हणून शेवटाकडून मोजत वाद्यसंगीत आधीच आवाज न सोडता सुरू करून ठेवतात. ते नेमक्या सेकंदाला संपणार असतं, तेव्हा बोलणं संपलं की हळूच वर आणलं की काम होतं. संगीत शब्द नसलेलंच का, तर ते कुठूनही ऐकू आलं तरी चालतं.

निवेदकाच्या लिखाणाचा मोठा भाग म्हणजे प्रस्तावना, प्रत्येक तुकड्याआधीची चार-पाच वाक्यं. कानासाठी लिहिणं वेगळं कसं, हे आपल्याकडच्या बातमीवरून दाखवतो. समजा वर्तमानपत्रात छापलं: ‘अवकाळी पावसामुळे नाशिक जिल्ह्यातील साठवणुकीतील कांद्याचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याने भाव वाढण्याची शक्यता व्यापाऱ्यांनी वर्तवली आहे.’ डोळा हे वाचतो, अडला तर मागे जातो. कानाला मागे जाता येत नाही, आणि मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे ऐकणारा सगळं ओझं धरून वाक्य संपायची वाट पाहत राहतो. हेच माइकसाठी: ‘नाशिकचे व्यापारी सांगतात, कांदा महागणार. चाळीत ठेवलेला कांदा अवकाळी पावसात भिजलाय.’ कोण म्हणतंय ते आधी आलं, म्हणजे म्हणणं किती मनावर घ्यायचं ते ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच ठरवता आलं. एका वाक्यात एकच गोष्ट आली. आणि पुढे वार्ताहराच्या टेपवर शेतकरी जे सांगणार आहे, त्यातलं काही निवेदकाने आधीच सांगून टाकलं नाही. वार्ताहराचा पहिला आवाज ऐकायची उत्सुकता निर्माण करून बाजूला होणं, एवढंच प्रस्तावनेचं काम. ज्यांना स्वतःचा आवाज फार आवडतो ते निवेदक इथेच फसतात.

मुलाखतीत स्टॅम्बर्ग यांची ओळख म्हणजे कुतूहल आणि मोठ्याने येणारं हसू. न समजलेलं समजल्यासारखं दाखवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. लेखिका जोन डिडियन यांच्याशी १९७७ मध्ये त्या बोलल्या, ती मुलाखत नंतर छापूनही आली. पण मला त्यांचं काम सांगायला जास्त आवडतं ते सत्तरच्या दशकातल्या एका अंधाऱ्या कपाटातल्या प्रयोगावरून.

एनपीआरचे तेव्हाचे विज्ञान वार्ताहर आयरा फ्लेटो यांना एक गोष्ट सांगायची होती: विंटरग्रीन चवीची लाइफ सेव्हर गोळी अंधारात दाताखाली फोडली तर निळसर ठिणगी दिसते. साखरेचा स्फटिक तुटला की तुटलेल्या बाजूंवर विद्युतभार वेगळे होतात, ते एकमेकांकडे झेपावताना हवेतला नायट्रोजन उजळतो. हा प्रकाश बहुतेक अतिनील असतो, डोळ्याला न दिसणारा. विंटरग्रीनच्या तेलातला घटक तो शोषून घेतो आणि निळा करून परत सोडतो. आता हे श्रोत्यांना सांगावं कसं? रेडिओवर प्रकाश दाखवता येत नाही. फ्लेटो आणि स्टॅम्बर्ग टेपरेकॉर्डर घेऊन कपाटात शिरले, दार लावून घेतलं आणि गोळ्या फोडल्या. ऐकणाऱ्याला मिळालं ते गोळी फुटण्याचा आवाज आणि पाहणाऱ्याची दाद. इथे निवेदिकेचं काम काय, तर ऐकणाऱ्याच्या वतीने कपाटात जाऊन उभं राहणं आणि जे दिसतंय ते दिसल्या क्षणी सांगणं. सुंदर लिहिलेल्या परिच्छेदाने हे साधलं नसतं. फ्लेटो नंतर ‘सायन्स फ्रायडे’ या कार्यक्रमाने प्रसिद्ध झाले.

प्रत्येक वेळी कापायची सोय नसते. ऑक्टोबर १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी रेडिओवरून देशभरातल्या लोकांचे फोन घेतले, त्या प्रसारणाच्या सूत्रधार स्टॅम्बर्ग होत्या. थेट कार्यक्रमात संपादन बोलता बोलताच करावं लागतं: फोनवरचा नागरिक भाषण करू लागला तर त्याचा मान राखून त्याला प्रश्नावर आणायचं, राष्ट्राध्यक्षांचं उत्तर लांबलं तर त्यांनाही. दीड हजार फुटांतले तीनशे फूट कोणते, हे आधी शेकडो वेळा ठरवलेलं असलं की ते ऐकता ऐकता ठरवता येतं.

राष्ट्राध्यक्षांइतकीच स्टॅम्बर्ग यांची ओळख जोडली गेली ती एका चटणीवजा पदार्थाशी. थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्या दर वर्षी आपल्या सासूबाईंची क्रॅनबेरी रेलिशची कृती सांगत: कच्च्या क्रॅनबेरी, कांदा, साखर, आंबट क्रीम आणि झणका येणारं हॉर्सरॅडिश, सगळं वाटून गोठवायचं. रंग भडक गुलाबी. ऐकायला वाईट आणि खायला छान, अशी त्याची ख्याती त्यांनीच पसरवली. पुढे त्याच्या जोडीला त्या मधुर जाफरी यांची लसणीची क्रॅनबेरी चटणीही सांगू लागल्या. गंभीर वृत्तकार्यक्रमात हे कशाला, असं कुणी विचारेल. रेडिओ ऐकणारा माणूस एकटा असतो. गाडीत, ओट्याशी, अंथरुणात. वॉटरगेट आणि व्हिएतनामच्या बातम्या ज्या आवाजात ऐकल्या, त्याच आवाजात सासूबाईंची कृती ऐकली की तो आवाज ओळखीच्या माणसाचा होतो, आणि ओळखीच्या माणसाने सांगितलेली कठीण बातमी माणूस नीट ऐकतो.

१९८६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि त्या रोजच्या कार्यक्रमातून बाहेर पडल्या. पुढच्या जानेवारीत एनपीआरने रविवार सकाळचा ‘वीकेंड एडिशन संडे’ सुरू केला, त्याच्या पहिल्या निवेदिका त्याच. रविवारच्या जाडजूड वर्तमानपत्रासारखा कार्यक्रम व्हावा आणि त्यात कोडंही असावं अशी त्यांची इच्छा. विल शॉर्ट्झ यांचं शब्दकोडं तेव्हापासून सुरू झालं. बोस्टनच्या टॉम आणि रे मॅग्लियोझी या गाड्या दुरुस्त करणाऱ्या भावांनाही देशभरच्या श्रोत्यांसमोर याच कार्यक्रमाने आणलं, आणि त्यांचा ‘कार टॉक’ हा कार्यक्रम त्याच वर्षी देशभर गेला. दुसऱ्याचा आवाज ओळखणं हेही निवेदकाचंच काम.

१९८९ नंतर त्या विशेष वार्ताहर झाल्या. आपल्याकडे याला पदावनती म्हणतील. त्यांनी त्या मोकळिकीत चित्रकलेसारखा विषय घेतला आणि संग्रहालयांत फिरून रेडिओवर चित्रं दाखवली. हे कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. संग्रहालयाच्या जाणकाराला चित्रासमोर उभं करायचं, कचेरीत बसवून विचारायचं नाही. कचेरीत तो कालखंड आणि शैली सांगतो, चित्रासमोर बोट दाखवतो. ‘इकडे बघा, हा हात’ असं तो म्हणाला की निवेदिकेने विचारायचं, हाताचं काय? आकार फुटांत सांगण्याऐवजी दारापेक्षा मोठं की पुस्तकाएवढं ते सांगायचं. नजर आधी कुठे जाते, मग कुठे वळते, त्याच क्रमाने वाक्यं लावायची. दालनातली पावलं, लांब कुठे तरी शाळेच्या मुलांचा गलका टेपवर राहू द्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला छताची उंची कळते. आणि चित्रकाराच्या चरित्रातली एकच गोष्ट घ्यायची, समोरच्या चित्राला लागू असलेली.

सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला त्या निवृत्त झाल्या आणि १६ ऑक्टोबरला, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचं पुढच्या दोन वर्षांचं सुमारे १.१ अब्ज डॉलरचं अनुदान मागे घेतलं. १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महामंडळाने ऑगस्टमध्ये आपलं काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. त्या पैशाचा मोठा भाग थेट केंद्रांना जात असे. शहरातली मोठी केंद्रं वर्गणीदारांच्या जोरावर तगतील. अलास्कातल्या वस्त्यांची, मूलनिवासींच्या राखीव प्रदेशातली लहान केंद्रं त्या अनुदानावर जास्त अवलंबून होती. हवामान सांगणारी आजारी पडली की आतल्या टेबलावरच्या कुणाला तरी माइकसमोर बसवणारी केंद्रं असतात ती अशीच, लहान आणि कमी माणसांची. त्यांतल्या काहींनी २०२५ संपायच्या आतच माणसं कमी करायला सुरुवात केली.